मुलगी त्या खोलीत का झोपत नव्हती? मोजक्या पैशांत बदललेल्या एका खोलीचं प्रकरण

आई, बाबा, आजी आणि चार वर्षांची मुलगी असं हे कुटुंब. घरातली सर्वांत लहान खोली, साधारण १० फूट बाय ९ फूट, मुलीच्या नावाने राखलेली होती. ती तिची फक्त नावापुरतीच. बाहेरच्या भिंतीला चिकटून दोन दारांचं कपाट, कपाटावर बॅगा आणि जुन्या पांघरुणांचं मोठं गाठोडं, दुसऱ्या बाजूला ६ फूट उंच पुस्तकांची मांडणी, आणि उरलेल्या जागेत एक सिंगल पलंग. मुलगी दिवसा तिथे फिरकायची नाही. रात्री तिथे झोपवलं तरी मध्यरात्रीनंतर उठून आई-बाबांच्या अंथरुणात यायची.

खोली सुंदर केली की मुलगी तिथे रमेल, असं आईचं म्हणणं होतं. तिने जंगलाची थीम ठरवलेली होती. एका भिंतीवर मोठ्या चित्राचा वॉलपेपर, झाडाच्या आकाराची मांडणी, गाडीच्या आकाराचा पलंग. पैसे मात्र मोजकेच होते आणि त्यांच्यात एक पैशाचीही वाढ होणार नव्हती, हे बाबांनी पहिल्याच बोलण्यात सांगितलं. सोयीसाठी एकूण रकमेचे १०० भाग धरू. आईच्या यादीप्रमाणे पलंगालाच ५५ भाग लागत होते, वॉलपेपरला २५, पडद्यांना १०. उरलेल्या १० भागांत बाकी सगळं बसवायचं होतं. भिंतीच्या कोपऱ्यातले पोपडे, खचलेली गादी आणि दिवा यांचा त्या यादीत उल्लेखच नव्हता.

घरसजावटीची कामं मी करते, आणि लहान मुलांच्या खोल्यांबाबत माझं मत आता पक्कं झालं आहे. थीम आधी ठरली की पैसे मुलाच्या गरजेऐवजी चित्राच्या गरजेप्रमाणे खर्च होतात. चित्र पूर्ण व्हायला हवं म्हणून एकेक वस्तू आणावी लागते, आणि एखादी राहिली की खोली अर्धवट वाटते. म्हणून काहीही विकत घेण्याआधी मी या घरी मुलीच्या झोपायच्या वेळेला गेले. खोली मोजली, पण ती जमिनीवर बसून, तिच्या नजरेच्या उंचीवरून. मुलगी ३ फूट ४ इंच उंच होती, म्हणजे तिचे डोळे जमिनीपासून ३ फुटांच्या आसपास. त्या उंचीवरून ती खोली मोठ्यांना दिसते तशी दिसतच नव्हती. कपाट कड्यासारखं वर गेलेलं, खिडकीतून आकाशाचा तुकडा तेवढा दिसणारा, आणि पलंग तिच्या कमरेच्या वर.

मग मी तिलाच विचारलं, इथे काय आवडत नाही? तिने आधी आईकडे पाहिलं आणि कपाटाच्या वर बोट दाखवलं. "मावशी, ते रात्री माझ्याकडे बघतं."

दिवा मालवल्यावर कळलं. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पातळ पडद्यातून आत येत होता आणि त्यात गाठोड्याची गाठ दोन कानांसारखी दिसत होती. दुसरी गोष्ट तिने सांगितली नाही, ती दिसली. दिव्याचं बटण दाराजवळ साडेचार फुटांवर होतं. तिचा हात टाचा उंचावूनही तिथे पोचत नव्हता. रात्री जाग आली, समोर ते गाठोडं, आणि उजेड करायची सोय नाही. अशा वेळी चार वर्षांचं मूल आईकडे धाव घेईल, नाही तर काय करेल?

आईला हे ऐकून वाईट वाटलं, पण या घराचा सगळा हिशेब इथेच बदलला. मुलगी खोली सोडून पळत होती त्याची कारणं दोन होती, आणि वॉलपेपरने दोन्हींपैकी एकही सुटणार नव्हतं. गाठोडं त्याच संध्याकाळी खाली आलं. त्याला एक पैसाही लागला नाही.

उजेडासाठी इलेक्ट्रिशियन बोलावला. दाराजवळच्या बटणाला जोडूनच पलंगाजवळ, तिचा हात पोचेल असं दुसरं बटण बसवलं. आता तोच दिवा दोन्ही ठिकाणांहून लागतो आणि मालवतो. वरचा बल्ब ६५०० केल्व्हिनचा (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा जितका मोठा, तितका उजेड पांढरा-निळसर), दुपारच्या उजेडासारखा पांढराशुभ्र होता. झोपेच्या आधी असा निळसर प्रकाश डोळ्यांवर पडला की शरीरात मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं संप्रेरक, तयार होणं लांबतं, आणि लहान मुलांवर हा परिणाम मोठ्यांपेक्षा अधिक होतो. म्हणून तो बल्ब काढून २७०० केल्व्हिनचा, पिवळसर उजेडाचा, कमी वॅटचा एलईडी लावला. आईने सजावटीच्या छोट्या दिव्यांची माळ पसंत केली होती, तिला मात्र मी साफ नकार दिला. तिच्या डबीत बटणासारखे चपटे सेल होते आणि डबीचं झाकण स्क्रूने बंद होणारं नव्हतं. असा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर २ तासांच्या आतही आत गंभीर भाजू शकतं. चार वर्षांच्या मुलाच्या खोलीत अशी वस्तू हाताशी नको, मग ती कितीही स्वस्त आणि कितीही गोड दिसो.

आजीचं पिवळं कपाट

या प्रकरणात सर्वांत अवघड निर्णय फुकट मिळणाऱ्या वस्तूचा होता.

आजीकडे तिच्या लग्नानंतर घेतलेलं एक छोटं लाकडी कपाट होतं. पिवळा रंग, हिरव्या कडा, खाली दोन ड्रॉवर. उंचीने अगदी मुलीला शोभेल असं. आजीला ते नातीला द्यायचं होतं, आणि मोजक्या पैशांत तयार कपाट मिळतंय म्हणून बाबाही खूश होते. सुट्टीच्या दिवशी पॉलिश पेपरने घासून नवा रंग द्यायचा, असा त्यांचा बेत होता. कागद आणून ठेवलेला होता.

मी त्यांना थांबवलं. कपाट चांगलं पन्नास वर्षांचं, त्यावर रंगाचे कितीतरी थर, आणि सर्वांत खालचा थर झगझगीत पिवळा. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी असते. पांढऱ्या रंगासाठी लेड कार्बोनेट वापरत, पिवळ्या-नारिंगी छटांसाठी लेड क्रोमेट, आणि रंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाची संयुगं घालत. अमेरिकेतही घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ मध्ये. शिशाची कुठलीही मात्रा निर्धोक म्हणून माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या तुलनेत ४ ते ५ पट अधिक शिसं शरीरात शोषलं जातं. त्याचा घाव वाढत्या मेंदूवर बसतो आणि तो भरून येत नाही.

कपाट नुसतं उभं असतं तर धोका कमी होता. पण ड्रॉवर दिवसातून अनेकदा उघडणार, कडा एकमेकींवर घासणार, आणि त्याची बारीक धूळ जमिनीवर, तिथून हातावर, हातावरून तोंडात जाणार. कोरडं घासणं तर सर्वांत वाईट. एका दुपारच्या कामात घरभर शिशाची धूळ पसरली असती, आणि ती केराच्या झाडूने उडते, निघत नाही. रंगाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेता येतो, पण तपासणी आणि त्यानंतर रंग काढण्याचं जाणकाराकडून करून घ्यायचं काम, हे दोन्ही या रकमेत बसत नव्हतं.

आजी दुखावल्या. "आमची मुलं याच कपाटाशी खेळून मोठी झाली," त्या म्हणाल्या. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या मनात कपाट म्हणजे फर्निचर नव्हतंच. मी एवढंच म्हटलं, "आजी, कपाट टाकायचं नाही. फक्त तिच्या हातापासून लांब ठेवायचं." कपाट बैठकीच्या खोलीत, जिथे मुलगी ड्रॉवर ओढणार नाही अशा उंच कट्ट्यावर गेलं. ओल्या फडक्याने पुसलेलं, न घासलेलं, रंगाला हात न लावलेलं. आजीने नातीच्या खोलीसाठी दुसरं काही द्यायचं ठरवलं, ते पुढे येईलच.

भिंत

पोपडे निघालेले होते ते बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, नेमके कपाटाच्या मागे. रंगारी म्हणाला, खरवडू, पुट्टी भरू, रंग मारू. पण ओल कुठून येते हे कळल्याशिवाय केलेली पुट्टी म्हणजे वाया गेलेले पैसे. यासाठी एक साधी चाचणी आहे. प्लॅस्टिकचा जाड तुकडा भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायचा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवायचा. पाण्याचे थेंब खोलीकडच्या बाजूला जमले, तर खोलीतली दमट हवा थंड भिंतीवर थिजते आहे. थेंब प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला जमले, तर पाणी भिंतीतूनच येत आहे. इथे थेंब पुढच्या बाजूला दिसले. कपाट भिंतीला चिकटवल्यामुळे मागे हवा खेळत नव्हती, म्हणून बुरशी आणि पोपडे. कपाट आतल्या भिंतीकडे हलवलं आणि मागे ३ इंच जागा सोडली. ओलीवर उपाय तेवढाच. पाणी भिंतीतून येत असतं, तर मी रंगकाम पुढे ढकलायला लावलं असतं आणि होती ती सगळी रक्कम बाहेरच्या दुरुस्तीला द्यायला सांगितली असती.

भिंतीवरचा आधीचा रंग याच कुटुंबाने घर नवं असताना लावून घेतलेला होता, आणि डब्यावर शिसं नसल्याची नोंद होती. तरीही सैल पोपडे ओले करूनच खरवडले आणि त्या वेळी मुलगी घरात नव्हती.

रंगाचं गणित आईला समजावून सांगितलं, कारण बचत सगळी तिथेच आहे. चारही भिंतींची एकूण लांबी ३८ फूट, उंची ९ फूट. दार-खिडकी वजा करून सुमारे ३०५ चौरस फूट. एका लिटरमध्ये रंगाचा एक हात, म्हणजे एक थर, साधारण ११५ चौरस फूट बसतो. दोन हातांना पाच लिटरांच्या वर रंग लागला असता. त्याऐवजी खालचे ४ फूटच रंगवले. ते क्षेत्र भरतं १३६ चौरस फूट, म्हणजे दोन हातांना अडीच लिटरही पुरे. मुलांचे हात, खडू, पायांचे ठसे लागतात ते याच पट्ट्यात, म्हणून इथे धुता येणारं, कमी वासाचं, चांगल्या प्रतीचं इमल्शन घेतलं. वरची भिंत ओल्या फडक्याने पुसून होती तशीच ठेवली. दोन रंगांमधली रेघ सरळ आली की खोली मुद्दाम तशी केलेली दिसते, आणि रेघ सरळ येण्याची युक्ती एकच: मास्किंग टेप रंग पुरता वाळायच्या आत काढायची.

छटा मुलीने निवडली, पण शंभरांतून नाही. आई-बाबांनी आधी आपसांत तीन ठरवल्या, तिन्हींचे वीतभर पट्टे दोन वेगवेगळ्या भिंतींवर मारले, आणि ती सकाळी नि रात्री दोन्ही वेळा पाहून बोलली. शेवाळी हिरवा. जंगल आलंच, फक्त तिच्या मार्गाने. रंग झाल्यावर खिडकी उघडी ठेवून वास पूर्ण जाईपर्यंत तिला तिथे झोपवलं नाही.

सुताराचं एका दिवसाचं काम

नवं फर्निचर एकही आणलं नाही. होता तो पलंग सागवानी, फक्त पॉलिश केलेला. सुताराने त्याचे पाय कापून उंची ८ इंचांवर आणली. मुलगी आता स्वतः चढते, उतरते, आणि झोपेत पडली तरी इजा होण्याजोगी उंची नाही. गादी थेट जमिनीवर टाकण्याचा सल्ला हल्ली बरेच जण देतात. मला तो पटत नाही, कारण खालून हवा मिळाली नाही तर गादीच्या पोटाला दमटपणा धरतो. पट्ट्यांचा पलंग कितीही बुटका असो, हवा खेळते. गादी मात्र नवी घेतली आणि तिथे काटकसर केली नाही. पलंग भिंतीला अगदी टेकवला, मधे फट ठेवली नाही.

सहा फुटी मांडणी कापून तीन-तीन फुटांच्या दोन केल्या. मुलाच्या उंचीचं हलकं फर्निचर ही कल्पना जुनी आहे. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममध्ये आपली पहिली बालशाळा सुरू केली, आणि त्यांच्या पद्धतीत मुलांना स्वतः उचलता येतील अशा खुर्च्या-टेबलांना महत्त्वाचं स्थान मिळालं. मी इथे आग्रह धरला तो दुसऱ्याच गोष्टीचा. दोन्ही मांडण्या आणि मोठं कपाट एल अँगलने, म्हणजे काटकोनी धातूच्या पट्ट्यांनी, भिंतीला घट्ट बांधले. मुलं ड्रॉवर ओढून त्याची पायरी करतात. उघडे ड्रॉवर आणि मुलाचं वजन मिळून भार पुढे झुकतो आणि कपाट अंगावर येतं. बुटकी मांडणीही येते. स्क्रू गिलाव्यात नव्हे, विटेत जायला हवा, प्लग ठोकून. या सगळ्या सामानाला १०० पैकी ३ भाग लागले.

पडद्याला जाड अस्तर हवं होतं, रस्त्यावरचा उजेड अडवायला. ते काम आजीने केलं. घरातल्या जाड चादरी जुन्या पडद्यांना आतून जोडल्या, हाताने. कापडाचे थोडे पैसे आणि नवा रॉड एवढाच खर्च. गोल फासाची दोरी असलेले ब्लाइंड टाळले, कारण असा फास मुलाच्या गळ्यात अडकून जीव गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. पडदा रिंगांवर सरकतो, दोरी कुठेच नाही.

खेळणी कमी केली, आणि इथे बाबांचा विरोध होता. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांची ३६ मुलं होती; समोर १६ खेळणी असताना ती जितका वेळ एका खेळण्याशी खेळली, त्याहून जास्त वेळ समोर ४ असताना खेळली, आणि अधिक तऱ्हांनी खेळली. भिंतींबाबत कार्नेगी मेलन विद्यापीठाचा २०१४ चा अभ्यास आहे: चित्रांनी गच्च भरलेल्या वर्गात बालवाडीतल्या मुलांचं लक्ष जास्त विचलित झालं आणि शिकणं कमी झालं. वर्ग आणि झोपायची खोली एक नाही, हे मान्य. तरीही भिंतभर जंगल झोपेच्या खोलीत लावण्याच्या विरोधात माझं मत त्याने बळकट झालं. खालच्या खणांत आठ-दहा खेळणी राहिली, बाकी खोक्यांत घालून मोठ्या कपाटात गेली, आणि ती आलटून पालटून बाहेर येतात. प्राणी मुलीने स्वतः काढले, आईने कापले, आणि हिरव्या पट्ट्यावर कागदी टेपने चिकटवले. ते फाटतात, नवे येतात.

पैसे कुठे गेले

भिंतीची दुरुस्ती आणि प्रायमर १८ भाग, रंग आणि मजुरी १४, बटण-बल्ब-वायरिंग १२, गादी २२, सुतार १२, अँगल-प्लग ३, पडदे ७. उरले १२. बाबांना ते लगेच खर्चून टाकायचे होते, एखादा गालिचा, एखादी खुर्ची. आईने ते राखून ठेवले. मुलगी शाळेचा अभ्यास घरी करू लागेल तेव्हा टेबल लागेल, आणि तेव्हा तिची उंची आज सांगता येत नाही.

काही महिन्यांनी विचारपूस केली. मुलगी बहुतेक रात्री तिथेच झोपते. जाग आली की दिवा लावते, इकडे तिकडे पाहते, पुन्हा मालवते. ते बटणाचं टक-टक आईला शेजारच्या खोलीत ऐकू येतं. ताप असला की अजूनही आईकडे येते, आणि त्यात बदलायचं काही नाही. खिडकीखाली उशा टाकून वाचायचा जो कोपरा केला होता तो तिने वापरलाच नाही. पुस्तकं ती इस्त्रीच्या टेबलाखाली नेऊन बघते, जिथे वरून चादर लोंबते. उशा तिकडे हलवायला सांगितलं, आणि इस्त्री दुसऱ्या खोलीत ठेवायला. तापलेली इस्त्री आणि लोंबणारी चादर एकत्र नको.

पाव लिटरभर रंग उरला आहे. तो हवाबंद बाटलीत भरून, छटेचा क्रमांक लिहून, मोठ्या कपाटाच्या वरच्या खणात ठेवला आहे. पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीवर हाताचे डाग आता जास्त झाले आहेत, तिथे पहिल्यांदा तोच लागेल. मांडण्यांच्या बाजूच्या फळ्यांना सुताराने वरच्या अंगाला आणखी दोन ओळी भोकं पाडून ठेवली आहेत, म्हणजे मुलगी उंच झाली की खण वर सरकवता येतील.